गास्पाचोतून पाव काढू नका!

मार्च संपत आला की इन्स्टावर एक लालसर ग्लास दिसायला लागतो. वर बेसिलचं पान, कडेने बर्फाचे खडे आणि खाली कॅप्शन : ‘हेल्दी, डिटॉक्स, ग्लुटेन-फ्री, नो ब्रेड’. नाव गास्पाचो, गाव स्पेन. तुम्ही ते घरी कुणाला दाखवलं तर पहिली प्रतिक्रिया ठरलेली, ‘थंड सूप? म्हणजे टोमॅटोचं सार फ्रिजमध्ये ठेवून प्यायचं?’

तसं नाहीये. साराला उकळी लागते, फोडणी लागते. गास्पाचोत काहीच शिजत नाही. सगळं कच्चं, मिक्सरमध्ये फिरवलेलं आणि चांगलं गार केलेलं. गॅस नको, इंडक्शन नको. पीजीत राहणाऱ्या, एका मिक्सरवर सहा जणी भागवणाऱ्या पब्लिकसाठी तर ही लॉटरीच आहे. तेव्हा या उन्हाळ्यात एकदा तरी गास्पाचो घरी करून बघाच, हे मी आधीच सांगून टाकते.

पण त्या कॅप्शनमधले शेवटचे दोन शब्द माझ्या डोक्यात जातात. ‘नो ब्रेड’. जणू पाव ही कुणीतरी मागाहून चोरून घातलेली भेसळ आहे आणि ती काढून टाकली की सूप शुद्ध होतं! प्रत्यक्षात गोष्ट बरोबर उलटी आहे. गास्पाचोमधली सगळ्यात जुनी वस्तू पावच आहे, तोही शिळा. मागाहून आलाय तो टोमॅटो.

टोमॅटोच्या आधीचं सूप

गास्पाचो हे स्पेनच्या दक्षिणेकडच्या अँडलुसिया प्रदेशाचं. सेव्हिल, कॉर्दोबा, ग्रॅनाडा, मालागा ही शहरं याच प्रदेशातली. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो ही तिथे बातमी नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये कॉर्दोबा प्रांतातल्या ला रांब्ला या गावात ४७.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. म्हणजे काय असतं, हे विदर्भातल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

अशा उन्हात दुसऱ्याच्या शेतात दिवसभर कापणी करणाऱ्या मजुरांचं हे जेवण. अँडलुसियात शेकडो वर्षं मोठमोठ्या जमिनी मोजक्या मालकांच्या हातात होत्या आणि त्यावर राबणारे बहुतेक जण भूमिहीन होते, रोजंदारीवर जगणारे. त्यांच्याकडे जे असायचं त्यातून हे सूप झालं : वाळून कडक झालेला पाव, लसूण, मीठ, ऑलिव्हचं तेल, व्हिनेगर आणि पाणी. ‘दोर्नियो’ नावाच्या लाकडी भांड्यात लसूण-मीठ कुटायचं, त्यात भिजवलेला पाव कुस्करायचा, थोडं थोडं तेल घालत घोटायचं आणि वरून व्हिनेगर-पाणी. झालं जेवण. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ परत मिळतं, पोटात पावाचा आधार राहतो आणि चूल पेटवावी लागत नाही.

यात टोमॅटो कुठेच नाही, कारण तो मुळात युरोपातलाच नाही. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये. टोमॅटो आणि ढोबळी मिरची त्यानंतर समुद्र ओलांडून आली आणि गरिबाच्या वाडग्यात पडायला त्यांना आणखी बराच काळ लागला. १६११ मध्ये सेबास्तियान दे कोवारुबियास यांनी स्पॅनिश भाषेचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यात ‘गास्पाचो’ची नोंद आहे आणि तिच्यात पाव, तेल, व्हिनेगर आहे. टोमॅटोचं नाव नाही. शिवाय हे कापणी करणाऱ्यांचं आणि गावंढळ लोकांचं खाणं, असा शेराही आहे. चार वर्षांनी ‘डॉन किहोटे’चा दुसरा भाग आला. त्यात सांचो पान्साला एका बेटाची सुभेदारी मिळते आणि एक डॉक्टर तब्येतीच्या नावाखाली त्याला काही खाऊच देत नाही. शेवटी वैतागून सांचो म्हणतो की या डॉक्टरच्या हाताखाली उपाशी मरण्यापेक्षा मी पोटभर गास्पाचो खाईन. डाएटच्या नावाने उपाशी ठेवणाऱ्याला गास्पाचोनं दिलेलं हे उत्तर चारशे वर्षांपूर्वीचं आहे. आज तेच गास्पाचो डिटॉक्स डाएट म्हणून विकलं जातंय, याला काय म्हणायचं?

या सूपची भावंडं बघितली तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. मालागाकडचं ‘आहो ब्लांको’ पांढरंशुभ्र असतं. त्यात टोमॅटोऐवजी बदाम असतात, सोबत द्राक्षं. कॉर्दोबाचं ‘साल्मोरेहो’ घट्ट असतं, त्यात टोमॅटो आणि भरपूर पाव, काकडी-मिरची नाही. वर उकडलेल्या अंड्याचे आणि हॅमचे तुकडे. शेजारच्या पोर्तुगालमधल्या अलेन्तेजूत सगळं बारीक चिरून पाण्यात सोडतात, मिक्सरला हातही लावत नाहीत, वर पावाचे तुकडे टाकतात. रंग बदलतो, भाज्या बदलतात. पाव, लसूण आणि ऑलिव्हचं तेल मात्र सगळीकडे आहेच.

काढायचं, पण काय काढतोय ते कळू दे

आता तुम्ही म्हणाल, पदार्थ बदलतातच. बरोबर आहे. स्पेनमधले शेफ कलिंगडाचं गास्पाचो करतात, चेरीचं करतात, स्ट्रॉबेरीचंही करतात. माझी काही हरकत नाही. टोमॅटो घालणारा पहिला माणूसही त्या काळचा फ्यूजनवालाच असणार. आणि ज्यांना खरोखर ग्लुटेन चालत नाही त्यांच्याशी तर माझं भांडणच नाही, त्यांनी खुशाल बदाम घालावेत.

इतकंच कशाला, आज स्पेनमध्येही अनेक घरांत बिनपावाचं गास्पाचो होतं. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये त्याचा जग भरलेला असतो, येता-जाता ग्लासात ओतून पितात. सुपरमार्केटात तर ते ज्यूससारखं खोक्यातून मिळतं. त्यांना ‘पाव घाला’ असं सांगणारी मी कोण? पण फरक असा की पाव काढताना आपण काय काढतोय ते तिथल्या माणसाला माहीत असतं. त्याच्या आजीनं पाव घातलेलं त्यानं बघितलेलं असतं. आपल्यापर्यंत ते सूप पोचतंच बिनपावाचं, बर्फाचं, बेसिलचं. शिळा पाव गाळला की त्यासोबत तो मजूर, ते ऊन आणि ती काटकसरही गाळली जाते. उरतं ते कॅफेच्या मेन्यूतलं एक ‘एक्झॉटिक’ नाव, ज्याच्यापुढची किंमत बघून आपण गुपचूप कोल्ड कॉफी मागवतो.

मास मीडियाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पेद्रो अल्मोदोवार हे नाव कधी ना कधी भेटतंच. त्यांच्या १९८८च्या ‘विमेन ऑन द व्हर्ज ऑफ अ नर्व्हस ब्रेकडाउन’ या सिनेमात गास्पाचो जवळजवळ एक पात्रच आहे. नायिका पेपा त्यात झोपेच्या गोळ्या घालून ठेवते आणि पुढे पोलिसांपासून सगळे ते पिऊन आडवे होतात. तिला कुणीतरी विचारतं, यात घातलंय काय? ती शांतपणे एकेक जिन्नस सांगते. गोळ्या सोडून सगळं सांगते आणि त्या यादीत वाळलेला पाव आहे. गुन्हा लपवतानाही पाव विसरला जात नाही, इतका तो त्या पाककृतीत मुरलेला आहे!

तिथे स्वस्त, इथे महाग

पावाचं काम भावनिक नाही, हे मिक्सर लावलात की कळेल. पाव नसेल तर मिश्रण थोड्या वेळात फुटतं, खाली गर आणि वर पाणी. भिजलेला पाव पाणी धरून ठेवतो, तेल एकजीव व्हायला मदत करतो आणि सूपला दाटपणा देतो. मग क्रीम लागत नाही, कॉर्नफ्लोअर लागत नाही. आणि पोट भरतं. बिनपावाचं गास्पाचो पिऊन तासाभरात तुम्ही वडापावच्या गाडीवर असाल, म्हणजे पाव खाणार तो खाणारच.

आता सामानाकडे येऊ. गंमत अशी की या सूपमधलं जे तिथे सगळ्यात साधं, तेच इथे सगळ्यात महाग आहे. जगात सर्वाधिक ऑलिव्ह तेल स्पेनमध्ये तयार होतं आणि अँडलुसियातला हाएन प्रांत त्यात सगळ्यात पुढे. तिथे हे तेल म्हणजे आपल्याकडचं शेंगदाणा तेल. आपल्याकडे मात्र त्याच्या बाटलीची किंमत बघूनच घाम फुटतो. म्हणून लहान बाटली घ्या, पण ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ घ्या. ‘पोमेस’ लिहिलेलं स्वस्त तेल ऑलिव्हच्या चोथ्यातून काढून रिफाइन केलेलं असतं. तळायला ठीक, पण कच्च्या सूपमध्ये त्याला चवच नसते. तेल कमी घातलं तरी चालेल. शेंगदाणा तेल घातलंत तर जे होईल ते कदाचित छान लागेल, फक्त त्याला गास्पाचो म्हणू नका.

बाकी कशासाठीही इम्पोर्टेड सेक्शनकडे जायची गरज नाही. तिथे शेरीचं व्हिनेगर वापरतात, हेरेस शहराच्या परिसरात होणारं. तुमच्याकडे गोव्याहून आलेलं माडाच्या ताडीचं व्हिनेगर असेल तर उत्तम, अॅपल सायडर व्हिनेगरही चालेल. चायनीजच्या गाडीवरचं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर मात्र नको, ते नुसतं झोंबतं. पावाला तर आपला लादीपाव झकास. ‘पाव’ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेला आहे, म्हणजे गास्पाचोच्या शेजारघरातून. सँडविच ब्रेड गोडसर असतो, तो टाळा.

आता करायचं कसं?

चार जणांसाठी एक किलो टोमॅटो घ्या. लाल, मऊ, पिकलेले. भाजीवाला ‘सूपसाठी घ्या’ म्हणून जे कमी भावात देतो ना, तेच. बाजारातले टोमॅटो बऱ्याचदा लांबच्या वाहतुकीसाठी कडक असतानाच तोडलेले असतात. तसे मिळाले तर फ्रिजमध्ये न टाकता दोन-तीन दिवस बाहेरच ठेवा, पिकू द्या. गावरान मिळाले तर सोन्याहून पिवळं, फक्त ते आंबट असतात म्हणून व्हिनेगर कमी करा. टोमॅटोचे भाव कडाडले असतील त्या आठवड्यात गास्पाचो करूच नका. स्वस्ताईतला पदार्थ महागाईत करण्यात काय मजा?

एक छोटी काकडी सोलून घ्या. ती कडू नाही ना, हे चाखून बघा. अर्धी ढोबळी मिरची बिया काढून घ्या. तिथे लांबट, पातळ सालीची, सौम्य हिरवी मिरची वापरतात. आपली ढोबळी जास्त उग्र, म्हणून अर्धीच. लसणाची एक पाकळी, फार तर दोन. कच्चा लसूण गार होता होता चढत जातो, हे लक्षात ठेवा. कांदा काही जण घालतात, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या सूपवर त्याचीच सत्ता असते. मी घालत नाही.

आदल्या दिवशीचे दीड-दोन पाव अर्धी वाटी पाण्यात भिजत घाला. टोमॅटो, काकडी, मिरची चिरून त्यावर एक ते दीड चमचा मीठ भुरभुरवा आणि अर्धा तास विसरून जा. मीठ भाज्यांचं पाणी ओढून काढतं आणि वरून फार पाणी घालावं लागत नाही. मग त्या पाण्यासकट सगळं मिक्सरमध्ये टाका, पाव आणि लसूणही. पूर्ण बारीक झालं की दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. शेवटी चार मोठे चमचे तेल थोडं थोडं घालत मिक्सर फिरवत राहा. आता रंगाकडे बघा. लालभडक रंग हळूहळू नारिंगी होत जातो. तेल त्यात मिसळून गेल्याची ती खूण. साखर घालायचा मोह आवरा. आणि हो, ज्या रीलमध्ये गास्पाचो टोमॅटो केचपसारखं लालबुंद दिसतं, तिथे तेल तरी कमी पडलंय नाहीतर फिल्टर तरी जास्त झालाय.

गाळायचं का? साली आणि बिया तोंडात आलेल्या आवडत नसतील तर गाळा. इतकं मऊ, प्यायच्या लायकीचं गास्पाचो हे तसं अलीकडचं लाड आहे. १९५९ मध्ये बार्सिलोनात गाब्रिएल युएयेस यांनी ‘मिनिपीमेर’ नावाचा हातात धरायचा ब्लेंडर डिझाइन केला. आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं स्पेनमध्ये आज कुठल्याही हँड ब्लेंडरला मिनिपीमेर म्हणतात. असं यंत्र घरात येण्याआधी सगळी कुटाकुटी हातानंच चालायची. त्यामुळे हॉस्टेलवर मिक्सर नसेल तर रडू नका. खलबत्त्यात लसूण-मीठ-पाव कुटा, टोमॅटो अर्धे कापून किसणीवर किसा म्हणजे साल हातात राहील आणि काकडी-मिरची अगदी बारीक चिरून वर घाला. रील करणाऱ्यांपेक्षा तुम्ही मूळ पदार्थाच्या जास्त जवळ असाल.

यानंतरची पायरी सगळ्यात सोपी, तरी तीच लोकांना जमत नाही : थांबणं. किमान तीन तास फ्रिजमध्ये. बर्फ घालून शॉर्टकट मारू नका, बर्फ वितळला की सूपचं पाणी होतं. गार पदार्थाची चव जिभेला कमी लागते, म्हणून मीठ-व्हिनेगर पुन्हा एकदा चाखून वाढताना ठरवा. सगळं कच्चं असल्यामुळे भाज्या नीट धुवा, पाणी प्यायचंच वापरा आणि दोन दिवसांत संपवा.

कापणी करणारे आजही आहेत

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, एका सूपसाठी केवढा इतिहास! पण मुद्दा फक्त इतिहासाचा नाही. आज त्याच अँडलुसियाच्या पूर्व टोकाला, अल्मेरिया प्रांतात, प्लॅस्टिकच्या ग्रीनहाउसचा अक्षरशः समुद्र आहे. उपग्रहाच्या फोटोत तो पांढरा डाग म्हणून दिसतो. युरोपभरच्या दुकानांत जाणारे टोमॅटो, काकड्या, ढोबळ्या मिरच्या तिथे पिकतात. म्हणजे जवळजवळ गास्पाचोचीच यादी. ते तोडणाऱ्या हातांत मोरोक्कोतून आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या स्थलांतरितांचे हात मोठ्या संख्येने आहेत. त्यांतले कितीतरी जण प्लॅस्टिक आणि लाकडी फळ्यांच्या झोपड्यांत राहतात. पश्चिमेला ह्युएल्वामध्ये स्ट्रॉबेरीच्या मजुरांची अशीच वस्ती आहे. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन ती बघायला गेले होते आणि तिथली अवस्था पाहून त्यांनी अतिशय कडक शब्दांत टीका केली होती.

१६११च्या कोशकाराने गास्पाचोला ‘कापणी करणाऱ्यांचं खाणं’ म्हणून नाक मुरडलं. आता ते खाणं कॅफेत चढलंय, कापणी करणारे मात्र अजून शेतातच आहेत. आपल्याकडेही टोमॅटोचा भाव कोसळला की शेतकरी रस्त्यावर क्रेट ओततो, ती बातमी आपण स्क्रोल करतो आणि पुढच्याच रीलला लाइक देतो. तिथे त्याच टोमॅटोचं सूप सजलेलं असतं.

याचा अर्थ गास्पाचो पिताना अपराधी वाटून घ्या असा नाही. सूप प्या, मजेत प्या. पण ते ‘फॅन्सी’ म्हणून पिऊ नका. परक्या देशातला पदार्थ घरी करण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे त्याचा फोटो कॉपी करायचा. दुसरा म्हणजे तो पदार्थ ज्यांनी केला, त्यांनी तो तसा का केला हे समजून घ्यायचं. पहिल्या मार्गाने गेलात तर इम्पोर्टेड बाटल्यांची यादी हातात येते. दुसऱ्या मार्गाने गेलात तर कळतं की हा तर उरलेलं वाया न घालवणाऱ्यांचा पदार्थ आहे. ज्या घरात फोडणीची पोळी होते, त्या घराला हे डोकं वेगळं शिकवावं लागत नाही. मग तुमच्या स्वयंपाकघरातला कालचा पाव आणि भाजीवाल्याकडचे मऊ पडलेले टोमॅटो तुम्हाला वेगळे दिसायला लागतात. माझ्या मते ‘ऑथेंटिक’ म्हणतात ते हेच.

तर प्लॅन असा. शनिवारी मिसळ किंवा पावभाजी खाल, तेव्हा दोन पाव बाजूला काढून ठेवा. कुणी विचारलं, ‘शिळे कशाला करतेस?’ तर सांगा, उद्या लागणार आहेत.